बोटांचें माहेर

मनुष्याचें ज्ञान डोक्यांत असतें अशी आपली समजूत असते. परंतु त्यांतला बराच भाग हातांत सांठविलेला असतो. विळीवर नारळ खोवणाऱ्या गृहिणीस, मनगट नेमकें किती वळवावें असें विचारलें, तर तिला तें सांगतां येणार नाहीं. हात मात्र तें बिनचूक करीत असतो. हें हातांतलें ज्ञान मिळवावयास वर्षें लागतात आणि टाकावयास त्याहूनहि अधिक लागतात. कोंकणांतली मुलगी देशावर सून म्हणून आली, म्हणजे नवीं नातीं व नवीं नांवें ती महिनाभरांत शिकते. पण भाजींत खोबऱ्याऐवजीं दाण्याचें कूट घालावें, हें तिच्या हाताला पटावयास मोठा काळ जावा लागतो. अशा वेळीं हातानें बदलावें कीं घरानें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत कांहीं नवा नाहीं. प्रस्तुत लेखांत तोच प्रश्न संगणकाच्या संबंधांत पाहावयाचा आहे.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनास एडिटर म्हणतात. अशा साधनांचीं दोन जुनीं व मातबर घराणीं आहेत. पहिलें व्ही-आय. तें बिल जॉय यानें अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत १९७६ सालीं रचिलें. त्याच्याजवळच्या तारेवरून सेकंदास सुमारें तीसच अक्षरें येत. म्हणजे ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा पडदा भरावयास एक मिनिटाहून अधिक वेळ लागे. अशा ठिकाणीं बोलणें थोडक्यांतच हवें. म्हणून त्यानें दोन अवस्था केल्या. एका अवस्थेंत दाबलेलें अक्षर कागदावर उमटतें. दुसरींत तेंच अक्षर आज्ञा होतें. 'डी' म्हणजे खोड, 'डब्ल्यू' म्हणजे एक शब्द. दोन्ही मिळून 'एक शब्द खोड'. लिहिण्याच्या अवस्थेंतून आज्ञेच्या अवस्थेंत यावयास एस्केप नांवाची कळ दाबावयाची.

दुसरें घराणें ईमॅक्सचें. त्याचाहि जन्म १९७६ चाच; पण मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंतील कृत्रिम बुद्धीच्या प्रयोगशाळेंत. रिचर्ड स्टॉलमन याचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. त्याचा आज सर्वत्र चालणारा अवतार, ग्नू ईमॅक्स, १९८५ सालीं लोकांच्या हातीं आला. या घरांत अक्षर तें अक्षरच राहतें. आज्ञा द्यावयाची असल्यास कन्ट्रोल किंवा मेटा ही दुसरी कळ दाबून धरून अक्षर दाबावयाचें. मात्र या घराचें खरें वैशिष्ट्य निराळेंच आहे. त्याचा गाभा सी भाषेंत असला, तरी वरचा बहुतेक सारा संसार लिस्प भाषेंत लिहिलेला आहे. आणि जॉन मॅकार्थी यानें १९५८ सालीं योजिलेल्या त्या भाषेच्या कृपेनें, चालू ईमॅक्स न थांबवितां त्याच्या कोणत्याहि आज्ञेची व्याख्या राहणाऱ्यानें बदलावी, अशी तेथें मोकळीक आहे.

माझीं बोटें व्ही-आयच्या घरांत वाढलीं. पोट भरण्याचें काम त्याच साधनावर चाललें, आणि त्यांतच केस पिकले. पुढें आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति तयार करण्याचें काम माझ्याकडे आलें. पिढ्यांच्या याद्या, जन्ममृत्यूच्या तिथि, शाखांचे तक्ते, आणि सारें मराठींत. या कामास ईमॅक्सच सोयीचा. परंतु डाव्या हाताची करंगळी कन्ट्रोलच्या कळेवर दिवसभर दाबून धरणें या वयांत मला मानवेना. तेव्हां ईमॅक्सच्या आंत व्ही-आयची नक्कल करणारें साधन मीं बसविलें.

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकतो. त्याला हें रुचलें नाहीं. तो म्हणाला, "काका, नव्या घरांत जाऊन जुन्या घरासारखेंच राहावयाचें, तर घर बदललेंत कशाला? नक्कल ती नक्कलच. त्यापेक्षां नवी रीत शिकून घ्या."

मी म्हणालों, "नक्कल कशाची केली आहे, तें आधीं पाहा. मग नांवें ठेव."

त्याला जें समजावून सांगितलें, तेंच येथें थोडें विस्तारानें मांडतों.

पहिल्या दृष्टीस वाटतें कीं यांत अवघड तें काय? अमुक कळेस अमुक काम, असा एक तक्ता करावा म्हणजे झालें. परंतु व्ही-आयची 'डी' दाबल्यावर कांहींच घडत नाहीं. ती पुढच्या शब्दाची वाट पाहते. कळांच्या आधीं आंकडे घालावेत, तर ते दोन ठिकाणीं घालतां येतात आणि त्यांचा गुणाकार होतो: 'दोन डी तीन डब्ल्यू' म्हणजे सहा शब्द खोडावयाचे. हा कळांचा तक्ता नव्हे. हें व्याकरण आहे. क्रियापद आधीं येतें, कर्म मागून येतें, आणि वाक्य पुरें होईतों ऐकणाऱ्यानें थांबावयाचें असतें. म्हणून नक्कल हाताची करून भागत नाहीं, ती कानाची करावी लागते. घरानें बोलावें कसें, याहून ऐकावें कसें हें शिकविणें अधिक कठीण आहे.

हें शिकविण्याचे प्रयत्न तीन पिढ्या चालले आहेत. आधीं मासाहिको सातो यांचें व्हिप, मग मायकेल किफर यांचें व्हायपर, आणि २०११ पासून इव्हिल. इव्हिल हें 'विस्तारतां येणारा व्ही-आयचा थर' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचें नांव आहे. त्याचा इंग्रजींत दुष्ट असाहि अर्थ होतो, ही कर्त्यांची थट्टा. इव्हिलमध्यें 'डी' दाबली, कीं खोडण्याची आज्ञा सुरू होते, आणि अर्ध्यावर थांबून ती स्वतःच पुढच्या कळा ऐकूं लागते. तेवढ्या क्षणापुरती 'कर्माची वाट पाहणारी' अशी एक वेगळी अवस्थाच तेथें निर्माण केलेली आहे. ईमॅक्सच्या मूळ पद्धतींत कळांची मालिका आधीं पुरी ऐकून घेतात व मग आज्ञा चालवितात. परंतु कळा ऐकण्याचें कामहि लिस्पमधून बोलावतां येत असल्यामुळें, पाहुण्याला आपल्या रीतीनें ऐकतां आलें.

खरी कसोटी लागली ती एस्केपच्या कळेपाशीं. व्ही-आयच्या घरीं एस्केप म्हणजे पूर्णविराम: लिहिणें संपलें. ईमॅक्सच्या घरीं ती संबोधन आहे. ज्या टर्मिनलवर मेटाची कळ नसे, तेथें आधीं एस्केप व मग अक्षर दाबलें, म्हणजे मेटासह तें अक्षर दाबलें असें मानीत. जणूं "अहो" म्हणून पुढचें बोलणें. शिवाय टर्मिनलवर बाणाची कळ दाबली, कीं संगणकाकडे एक खूण न जातां सत्तावीस, एक्याण्णव, पांसष्ट अशा तीन आंकड्यांची माळ जाते. आणि सत्तावीस हा आंकडा एस्केपचाच. तेव्हां कानावर सत्तावीस आला, तर तो पूर्णविराम समजावा, कीं "अहो", कीं बाणाचें पहिलें पाऊल? त्या एका आंकड्याकडे कितीहि निरखून पाहिलें, तरी उत्तर मिळत नाहीं.

इव्हिलनें काढलेला मार्ग मला फार आवडतो. टर्मिनलकडून येणाऱ्या कच्च्या आंकड्यांचा अर्थ लावण्याचा एक तक्ता ईमॅक्समध्यें असतो, आणि त्या तक्त्यांत ठराविक उत्तराऐवजीं लिस्पमधली एक कृति ठेवतां येते. सत्तावीसच्या घरांत इव्हिल आपली कृति ठेवतें. ती कृति सेकंदाचा एक-शतांश भाग थांबते. तेवढ्यांत पाठोपाठ आणखी कांहीं आलें, तर तें यंत्रानें पाठविलेलें असणार, कारण माणसाचें बोट इतकें चपळ नसतें. मग ती माळ ईमॅक्सच्या मूळ रीतीनें वाचावयाची. कांहींच आलें नाहीं, तर माणसानें एस्केप दाबली असें ठरवावयाचें. हा निर्णय तर्कानें होत नाहीं, थांबण्यानें होतो. मंद तारेवर बाणाचे तुकडे उशिरां पोंचले तर त्यांतहि घोटाळा होऊं शकतो. म्हणून थांबण्याची मुदत ज्याची त्यानें वाढवावी, अशी सोय ठेविली आहे. खिडक्यांच्या पडद्यावर मात्र एस्केपची खूण स्वतंत्रपणें येते आणि हा संशयच उरत नाहीं.

आतां माझ्या कामांतलें उदाहरण. व्ही-आयमध्यें टिंबाची कळ दाबली, कीं शेवटचा बदल पुन्हां होतो. कुलवृत्तान्ताच्या जुन्या आवृत्तींत जे हयात होते, त्यांतले अनेक आज नाहींत. एका नांवाआधीं 'कै.' लिहावयाचें, एस्केप दाबावयाची, आणि मग ज्या ज्या नांवाशीं तें हवें त्या नांवाशीं जाऊन नुसतें टिंब द्यावयाचें. शेंकडों नांवांचें काम असें होतें. पण हें टिंब खरें ठरावें, म्हणून इव्हिलला केवढें लक्ष ठेवावें लागतें! प्रत्येक आज्ञेच्या आधीं व नंतर ईमॅक्स लिस्पमधल्या हव्या त्या कृतीस हांक मारूं शकतो. त्या दोन हांकांच्या मध्यें इव्हिल टिपण ठेवतें. नुसती हालचाल झाली असेल तर ती सोडून द्यावयाची, बदल झाला असेल तर त्याच्या कळा लिहून ठेवावयाच्या, आणि टिंब आल्यावर त्याच कळा पुन्हां दाबल्या गेल्याप्रमाणें चालवावयाच्या. अर्धवट लिहिलेला शब्द यंत्रानें पुरा करून दिला असेल, तर कळांवर विसंबून चालत नाहीं. तेथें मजकुरांत प्रत्यक्ष काय पालटलें तेंच लक्षांत ठेवावें लागतें. हा विवेक नसता, तर टिंबासरशीं पुढच्या ओळीकडे जाण्याची चालहि पुन्हां झाली असती, आणि आमच्या नव्वदी गांठलेल्या आत्याबाई छापील पुस्तकांत कैलासवासी झाल्या असत्या. पुस्तक हातीं पडल्यावर त्यांनीं जें ऐकविलें असतें, त्याची नक्कल कोणत्याहि भाषेंत करतां आली नसती.

मराठीचाहि येथें एक स्वतंत्र प्रश्न आहे. आज्ञेच्या अवस्थेंत 'डी' म्हणजे खोडणें. पण कळफलक देवनागरीवर असेल, तर त्याच कळेनें निराळेंच अक्षर येईल आणि आज्ञा मुकी होईल. ईमॅक्समध्यें देवनागरी लिहिण्याच्या पद्धतीहि लिस्पमध्येंच रचलेल्या आहेत, आणि त्याहि थांबून ऐकतात. रोमन कळांच्या एका पद्धतींत 'के' दाबल्यावर पाय मोडलेला 'क्' दिसतो, आणि पुढें 'ए' आल्यावर त्याचा 'क' होतो. लिहिणें संपवून आज्ञेच्या अवस्थेंत येतांच इव्हिल ही देवनागरी पद्धत बाजूला ठेवतें, आणि पुन्हां लिहावयास लागलों कीं आपण होऊन परत देतें. एका कळफलकावर दोन लिपि नांदतात, आणि मला त्यांची आठवणहि ठेवावी लागत नाहीं.

पुतण्याच्या म्हणण्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. कांहीं कळांवर दोन्ही घराण्यांचा हक्क आहे. कन्ट्रोल-यू या जोडीनें व्हिममध्यें, म्हणजे ब्रॅम मोलेनार यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्ही-आयच्या वारसांत, पान अर्धें वर सरकतें. ईमॅक्समध्यें तीच जोडी पुढच्या आज्ञेला आंकडा पुरविते. इव्हिल तेथें आपण होऊन माघार घेतें, आणि हवी असल्यास मालकानें ती कळ मागून घ्यावी असें ठेवतें. टर्मिनलवर कन्ट्रोल-आय व टॅब या दोहोंचा आंकडा नऊच. तेव्हां एकीस दिलें तें दुसरीसहि पोंचणार. अशा ठिकाणीं पूर्ण समाधान कोणाचेंच होत नाहीं. म्हणून कन्ट्रोल-झेड दाबली, कीं व्ही-आयची सारी रीत बाजूला होऊन मूळ ईमॅक्स समोर उभा राहतो. पुन्हां दाबली, कीं परत. ही कळ मला सर्वांत शहाणपणाची वाटते. आपली रीत सोडतां येणें हाहि तिच्यावरील प्रेमाचाच भाग आहे. आणि ती पुन्हां हातीं येईल अशी खात्री असली, म्हणजे सोडावयास जड जात नाहीं.

पुतण्या सर्व ऐकून म्हणाला, "म्हणजे काका, कौतुक पाहुण्याचें नव्हे, घराचें करावयाचें." त्याचें म्हणणें मला मान्य करावें लागलें. मूळ व्ही-आयच्या आंत ईमॅक्स असा वसविणें सोपें नव्हतें, कारण त्या घराच्या भिंती राहणाऱ्याच्या हातीं नव्हत्या. ईमॅक्सच्या कर्त्यांनींहि इव्हिलसाठीं म्हणून कोणती खोली बांधून ठेविली नव्हती. त्यांनीं दारांच्या कड्या आंतून उघडतां येतील अशा लाविल्या, एवढेंच. पुढें कोण येणार, त्याची भाषा काय, त्याच्या बोटांना कसली संवय, हें त्यांना कोठून ठाऊक असणार?

आमच्या वृत्तान्ताचें काम आतां नवव्या पिढीपर्यंत आलें आहे. हल्लीं पुतण्याहि संध्याकाळीं शेजारीं येऊन बसतो आणि एका शाखेचीं नांवें तपासतो. तो ईमॅक्सच्या मूळ रीतीनें लिहितो, मी माझ्या. धारिका एकच असते. आणि तयार झालेल्या पानावरून, कोणती ओळ कोणत्या रीतीच्या हातानें लिहिली, हें ओळखूं येत नाहीं.