दोन सवतींचा तह

माझ्या आत्याचं शिक्षण चौथीपर्यंत. पण एका दिवाळीत मिरजेच्या घरी मी टेबलावर पसरलेला वंशवृक्ष तिने जितक्या झटपट वाचला, तितका माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर वाचलेला नाही. स्पेनच्या वायव्येला असलेल्या लेऑन या राज्याच्या राजघराण्याचा तो कागद, बाराव्या शतकातला. मी बोट ठेवून सांगत होते : हा लेऑनचा राजा, नववा अल्फोन्सो. ही त्याची पहिली बायको तेरेसा, पोर्तुगालच्या राजाची मुलगी. तेरेसाचा बाप हा अल्फोन्सोच्या आईचा सख्खा भाऊ. “मामाची मुलगी केली होय? बरं केलं की,” आत्या म्हणाली. मग मी दुसऱ्या बायकोवर आले. ही बेरेंगेला, शेजारच्या कॅस्टीलची राजकन्या. हिचा बाप आणि हा अल्फोन्सो चुलत भाऊ. आत्याने चष्मा काढून हातात घेतला. “म्हणजे पुतणी? अगं, लेकच की ती!”

इंग्रजी पुस्तकांत या सगळ्या गोतावळ्याला मिळून ‘कझिन’ हा एकच शब्द असतो. मग पहिल्या पायरीचा कझिन, एक पिढी खालचा कझिन असले हिशेब मांडत बसावं लागतं. मामे, आते, चुलत, मावस असा नात्यांचा साठा ज्यांच्या भाषेत आहे, त्यांना इबेरियाचा, म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा, मध्ययुगीन इतिहास सोपा जायला हवा, असं माझं जुनं मत आहे.

अर्थात आत्याचा आणि रोमच्या पोपचा निवाडा जुळणारा नव्हता. पोपच्या लेखी मामाची मुलगीही वर्ज्य आणि पुतणीही. त्या वेळी चर्चचा नियम सात पिढ्यांचा होता. आपल्याकडे जुन्या शास्त्रात सापिंड्य बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या मोजत, तसाच. 1215 मध्ये चर्चच्या लॅटरन परिषदेत तो सातावरून चारावर आला. पण इबेरियातल्या राजांना ही सवलतही अपुरीच होती. लेऑन, कॅस्टील, पोर्तुगाल, नव्हारा, ॲरागॉन ही ख्रिस्ती राज्यं पाच, आणि पाचांच्याही नसांत 1035 साली वारलेल्या नव्हाराच्या तिसऱ्या सांचोचं रक्त. दक्षिणेला मुस्लीम अल्मोहाद सत्ता, तिथे सोयरीक होणं शक्य नाही. मग मुलगी आणायची कुठून? आणायची ती भाऊबंदांतूनच. त्यामुळे इथल्या जवळपास प्रत्येक राजविवाहात तो मोडण्याचं कारण लग्नाच्या दिवसापासून तयार असायचं. लेऑन-कॅस्टीलची राणी उर्राका आणि ॲरागॉनचा ‘लढवय्या’ अल्फोन्सो यांचं 1109 चं लग्न असंच मोडलं. दोघांचं एक क्षणही पटलं नव्हतं, पण मोडायला कारण मिळालं ते सांचो पणजोबांचं. आमच्या नवव्या अल्फोन्सोच्या आईबापांचंही लग्न पोपने याच कारणावरून रद्द केलं होतं. राजांना हे ठाऊक नव्हतं असं मला मुळीच वाटत नाही. मोडता येतं हे धरूनच ते लग्न करत.

तेरेसाशी लग्न झालं 1191 मध्ये. तीन मुलं झाली : सांचा, फर्नांदो, दुल्से. पोप तिसरा सेलेस्टाइन ऐकेना, राज्यावर चर्चचा बहिष्कार आला, आणि काही वर्षांत तेरेसा माहेरी पोर्तुगालला परतली. तिथे तिने लोर्वाऊचा मठ हाती घेतला आणि सिस्टर्शियन जोगिणींचा मठ म्हणून नावारूपाला आणला.

दुसऱ्या लग्नामागे युद्ध होतं. 1195 च्या जुलैत अलार्कोसला अल्मोहादांनी कॅस्टीलचा दणदणीत पराभव केला आणि ती संधी साधून लेऑननेही कॅस्टीलवर हल्ला केला. दोन्ही राज्यं मुळात एकाच आजोबांची. सातव्या अल्फोन्सोने 1157 मध्ये मरताना राज्य दोन मुलांत वाटून दिलं, थोरल्याला कॅस्टील आणि धाकट्याला लेऑन. तेव्हापासून सरहद्दीवरच्या किल्ल्यांवरून भावकीचं भांडण चालू होतं. ते मिटवायला 1197 मध्ये वायादोलिदला अल्फोन्सो आणि बेरेंगेलाचं लग्न लागलं. टोलेडोचा आर्चबिशप रोद्रिगो हिमेनेस दे रादा या काळाचा इतिहास लिहून गेला. या सोयरिकीचं श्रेय तो बेरेंगेलाची आई लेओनोर हिला देतो. रादा बेरेंगेलाच्या बाजूचा माणूस, त्यामुळे त्याचं सगळंच जसंच्या तसं घेऊ नये. पण हे मला पटतं.

राजघराण्यांतली लग्नं हा माझा विषय सांगितला की लोक विचारतात, “मुंबई हुंड्यात दिली, तेच ना?” तेच, पण नव्हे. पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन हिच्याबरोबर मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देण्याचा करार 1661 चा, आमच्या गोष्टीनंतर साडेचारशे वर्षांनी. शिवाय मध्ययुगीन कॅस्टीलमधली देणी उलट्या दिशेने जायची. नवऱ्याने बायकोला द्यायचं, त्याला ‘आर्रास’ म्हणत. हुंड्यापेक्षा आपल्या स्त्रीधनाशी त्याचं नातं जवळचं. बेरेंगेलाला आर्रासमध्ये तीस किल्ले मिळाले. 1199 च्या दस्तात त्यांची नावानिशी यादी आहे. हे किल्ले लेऑनच्या मुलखात, किल्लेदार मात्र राणीला बांधील. राजाने तह मोडला तर किल्ले हातचे जाणार. लग्न हा तह होता आणि किल्ले त्याला तारण होते. पतिपत्नींची मनं जुळली का, हा प्रश्न वाचकांना नेहमी पडतो. सात वर्षांत पाच मुलं झाली एवढं मी सांगू शकते.

1198 मध्ये पोपच्या गादीवर तिसरा इनोसंट आला. फार कडक माणूस. दोन्ही राज्यांनी बिशप पाठवून रदबदली करून पाहिली, पण काही उपयोग झाला नाही. 1204 मध्ये बेरेंगेला माहेरी परतली.

लग्न संपलं, किल्ल्यांचा वाद राहिला. 1206 मध्ये काब्रेरोस इथे तो मिटला आणि किल्ले दोघांचा मुलगा फर्नांदो याच्या नावावर झाले. (तेरेसाच्या मुलाचंही नाव फर्नांदोच. तो 1214 मध्ये वारला. माझ्या विद्यार्थ्यांचा यात हमखास घोटाळा होतो.) काब्रेरोसचा हा तह लॅटिनमध्ये नाही. राजदरबाराचा दस्त असूनही तो सबंध लोकभाषेत लिहिलेला आहे, आणि स्पॅनिश भाषेचे अभ्यासक त्याला फार मानतात. घटस्फोटानंतरची वाटणी लोकांना कळेल अशा भाषेत लिहावीशी वाटली, यात मला काहीच नवल वाटत नाही.

मग 1217 चा जून. कॅस्टीलचा राजा होता बेरेंगेलाचा धाकटा भाऊ एन्रिके, तेरा वर्षांचा. पालेन्सियाला बिशपच्या वाड्यात मुलांबरोबर खेळताना छपराचं कौल त्याच्या डोक्यावर पडलं आणि तो गेला. त्याचा पालक आल्वारो नुन्येस दे लारा याने मृत्यू लपवायचा प्रयत्न केला. बेरेंगेलाला बातमी लागली, पण तिनेही ती जाहीर केली नाही. तिचा मुलगा फर्नांदो तेव्हा बापाकडे, तोरोला. तिने माणसं पाठवून निरोप दिला, लेकाला भेटावंसं वाटतंय. अल्फोन्सोने पाठवला! जुलैच्या आरंभी वायादोलिदला कॅस्टीलच्या सरदारांनी बेरेंगेलाला राणी म्हणून मान्यता दिली आणि तिने तिथल्या तिथे राज्य मुलाच्या हवाली केलं. अल्फोन्सोला कळलं तेव्हा तो फौज घेऊन आला, पण उशीर झाला होता.

यापुढची तेरा वर्षं हे दोघं माजी पतिपत्नी राजकारण खेळले ते मुलांच्या लग्नांतून. बेरेंगेलाने फर्नांदोसाठी बायको आणली थेट जर्मनीतून. 1219 मध्ये बुर्गोसला त्याचं लग्न लागलं ते स्वाबियाच्या बिआत्रिसशी. तिचा एक आजोबा सम्राट बार्बारोसा, दुसरा कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट. या सोयरिकीत पोपला बोट ठेवायला जागाच नव्हती. बाई एकदा पोळली होती. 1224 मध्ये जेरुसलेमचा राजा जाँ द ब्रिएन यात्रेसाठी सांतियागोला निघाला. अल्फोन्सोने त्याला तेरेसाची मुलगी आणि तिच्यामागे लेऑनचं राज्य देऊ केलं होतं. पाहुण्याची वाट कॅस्टीलमधून जात होती. बेरेंगेलाने त्याची सरबराई केली आणि त्याच वर्षी बुर्गोसला स्वतःच्या मुलीशी, धाकट्या बेरेंगेलाशी, त्याचं लग्न लावून दिलं. हा प्रसंग वर्गात सांगताना मला हसू आवरत नाही.

सप्टेंबर 1230 मध्ये सांतियागोच्या वाटेवर अल्फोन्सो वारला. राज्य त्याने तेरेसाच्या मुली सांचा आणि दुल्से यांना देऊ केलं होतं. फर्नांदो तेव्हा दक्षिणेत, हाएनचा वेढा उठवून परतत होता. आईने त्याला तडक लेऑनला नेलं. लेऑनमध्ये दोन तट पडले होते आणि युद्ध दारात येऊन ठेपलं होतं. अशा वेळी लोर्वाऊच्या मठातून तेरेसा निघाली आणि वालेन्सिया दे दोन हुआन या गावी बेरेंगेलाला भेटली. एकाच पुरुषाच्या या दोन बायका, दोघींचीही लग्नं पोपने रद्द ठरवलेली. बोलणं काय झालं ते इतिहासकारांनी लिहिलेलं नाही, आणि कादंबरी लिहायचा मोह मी इतकी वर्षं टाळला आहे. निष्पन्न काय झालं ते मात्र कागदावर आहे. 11 डिसेंबर 1230 रोजी बेनावेंतेला तह झाला. सांचा आणि दुल्सेने हक्क सोडला, बदल्यात दोघींना मिळून वर्षाला 30,000 माराव्हेदी नाणी. लढाई न होता लेऑन आणि कॅस्टील एक झाली. पुढे फर्नांदोने 1236 मध्ये कोर्दोबा आणि 1248 मध्ये सेव्हिल जिंकलं ते या एकत्र बळावर.

शाळेच्या पुस्तकात स्पेन एक होतो तो 1469 मध्ये, कॅस्टीलची इसाबेला आणि ॲरागॉनचा फर्डिनांड यांच्या लग्नाने. तेही वायादोलिदलाच, आणि तीही भावकीच, दोघांचे बाप चुलत भाऊ. लग्नात पोपची परवानगी म्हणून जो कागद दाखवला तो दुसऱ्या पायसच्या नावाचा होता, आणि पायस वारला होता 1464 मध्ये. खरी परवानगी 1471 च्या डिसेंबरात आली. हे लग्न टिकलं, गाजलं, पण राज्यं एक झाली का? कॅस्टील आणि ॲरागॉनच्या प्रतिनिधिसभा, नाणी, कायदे, जकाती अठराव्या शतकापर्यंत वेगळ्याच राहिल्या. इसाबेला वारल्यावर फर्डिनांडने दुसरं लग्न केलं. 1509 मध्ये मुलगा झाला, तोही वायादोलिदलाच. तो जगता तर ॲरागॉन त्याच्याकडे जाऊन वेगळं झालं असतं. बाळ काही तासांत गेलं. बेनावेंतेचा सांधा मात्र पक्का बसला. म्हणून टिकलेल्या लग्नापेक्षा ते मोडलेलं लग्न मला मोठं वाटतं, आणि स्पेनमध्ये हे बोलून मी वादही ओढवून घेतले आहेत.

गोव्याच्या वाचकांनी हाच धागा पुढे ओढून पाहावा. 1510 मध्ये गोवा घेतला गेला तेव्हा पोर्तुगालचा राजा होता मानुएल. त्याने इसाबेलाच्या दोन मुली एकीमागून एक केल्या, आणि दोघी गेल्यावर त्यांची भाची. त्यातल्या दुसऱ्या बायकोचा नातू म्हणजे स्पेनचा दुसरा फिलिप. पोर्तुगालची गादी रिकामी पडली तेव्हा आजोळचा हक्क सांगून 1580 मध्ये त्याने ती घेतली, आणि पुढची साठ वर्षं गोव्याचा कारभार स्पेनच्या राजांच्या नावाने चालला.

बेरेंगेला 1246 मध्ये वारली, तेरेसा 1250 मध्ये. बेरेंगेला बुर्गोसच्या लास उएल्गास मठात आहे, तेरेसा लोर्वाऊला. नववा अल्फोन्सो सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये आहे, वडिलांशेजारी.