ॲटॅच

मी १९७७ साली दहावी पास झालो. इंग्रजीत ३८ मार्क पडले. त्या ३८ मार्कांवर मी गावात चाळीस वर्षं मान खाल्ला. फवारणीच्या बाटलीवरचं बारीक लिहिलेलं असो, कुणाच्या पोराला आलेलं पत्र असो, माणसं म्हणायची, आबाकडं न्या.

मग एकदा पत्र माझ्याच नावानं आलं.

चुलतभावाच्या ट्रॅक्टरला मी जामीन राहिलो होतो. हप्ते थकले, दिवाणी कोर्टात दावा लागला, निकालही आम्हा दोघांवर झाला. तारखांना तोच जायचा. मी विचारलं की म्हणायचा, "तू कशाला येतोस, मी बघतो." पत्र समोरच्या वकिलाचं होतं, इंग्रजीत. पंधरा दिवसांत पैसे भरा, नाहीतर अमुक गट ॲटॅच करू, असा मजकूर. पैशाचं भाऊ बघेल, असं मी धरून चाललो. राहिला तो ॲटॅच.

हा शब्द माझ्या ओळखीचा. शाळेत अर्जाच्या शेवटी दाखला ॲटॅच केला आहे, असं लिहायला शिकवलेलं. ट्रॅक्टर आल्यापासून ट्रॉली ॲटॅच करायची. पुण्यात पोरानं खोली घेतली तिला संडास ॲटॅच. सगळीकडं अर्थ एकच, जोडणं. म्हणजे गटाचा कागद प्रकरणाला जोडायचा असणार.

घरची म्हणाली, "अवो, कुणाला तरी दावा की."

"मी काय अडाणी हाय?"

तलाठ्याकडून सातबारा आणि आठ-अ काढला, धुतलेला सदरा घातला आणि तालुक्याला जाऊन त्या वकिलाच्या कारकुनाच्या हातात दिला. त्यानं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आबा, तुम्ही स्वतः आणून दिलात?" म्हणाला. बसायला खुर्ची दिली, चहा पाजला. अर्थ मात्र सांगितला नाही. मी आपला खुशीत बाहेर पडलो.

एसटीला वेळ होता, म्हणून आमच्या इंग्रजीच्या सरांकडं गेलो. ते तालुक्यालाच राहत. सहज पत्र दाखवलं. सरांनी दोनदा वाचलं आणि पाणी आणायला सांगितलं, मला वाटलं त्यांच्यासाठी. पाणी माझ्यासाठी होतं. "अरे, जप्ती आहे ही."

सरांनी जाडजूड कोश काढला. इंग्रजीत या शब्दाचा जप्तीचा अर्थ जोडण्याच्या अर्थाहून जुना निघाला. शब्द आला फ्रेंचातून, आणि कोशवाले त्याचं नातं खुंट्याशी लावतात. सर म्हणाले, "खुंट्याला बांधणं, असं धर." मग जरा थांबून, "मी तुम्हाला एकच अर्थ शिकवला रे." त्यांचा काय दोष? दहावीच्या पोराला जप्ती कशाला शिकवायची!

सरांच्या ओळखीच्या वकिलानं पुढचं फोडून सांगितलं. जमीन कुणी उचलून नेत नाही. ती विकायची नाही, गहाण टाकायची नाही, असा कोर्टाचा हुकूम होतो. गावात दवंडी पिटतात, ग्रामपंचायतीत कागद लावतात. तरी पैसे नाही आले तर लिलाव. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ६० वं कलम आहे. जरुरीची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र, शेतकऱ्याची औतं, लागतील तेवढी बैलं आणि बियाणं, त्याचं राहतं घर, यांना जप्ती लागत नाही. मी कान देऊन ऐकत होतो. यादी संपली, त्यात जमीन आली नाही.

म्हणजे नांगर राहणार, बैल राहणार, बी राहणार. पेरायचं कुठं?

पंधरातले नऊ दिवस उरले होते. रात्री भावाच्या दारात गेलो. भांडायचं ठरवून गेलो होतो, पण तो अंधारात ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसलेला दिसला. त्याला अर्थ आधीच ठाऊक होता, मराठीतून. मला सांगायचं धाडस होत नव्हतं. आठ दिवसांत ट्रॅक्टर गेला, माझी दुभती म्हैस गेली, थोडे सोयऱ्याकडून आणले. दवंडी पिटायची वेळ आली नाही. म्हशीचे पैसे त्यानं पुढं चार सुगीत फेडले. पहिल्या दोन सुगीत मी त्याच्याशी धड बोललो नाही, हेही लिहून ठेवतो.

पत्रं अजून येतात माझ्याकडं, वाचून देतो. शब्द ओळखीचा वाटला की आधी सरांना फोन लावतो.

ट्रॉली तेवढी विकली नाही. शेणखत टाकायच्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर आणतो आणि भावाची तीच ट्रॉली नेतो. तो दांडा उचलून धरतो, मी पिन घालतो. त्या वेळी दोघंही काही बोलत नाही.