माळ्यावरच्या मोटारी

जुन्या घरातला माळा ही वस्तूंच्या विश्रांतीची जागा आहे, असे आपण मानतो. खरे पाहता ती निर्णय पुढे ढकलण्याची जागा असते. ज्या वस्तूचे काय करावे ते ठरत नाही, ती वर जाते. आमच्या बऱ्हाणपूरच्या मराठी घरांतून तर हा संचय पिढ्यांचा आहे. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर हे शहर मराठ्यांकडे आले, पुढे ते शिंद्यांकडे गेले, आणि त्या त्या काळी निरनिराळ्या निमित्तांनी आलेली घराणी तापीकाठी रुजली. त्यांच्या माळ्यांवर तांब्याचे हंडे, पितळी समया, मोडी कागदांचे रुमाल हे सारे एकमेकांच्या आधाराने बसलेले असते. आमच्या माळ्यावर या मंडळींच्या शेजारी २०१० सालापासून एक लोखंडी पेटी आहे, आणि तीत सत्तावीस मोटारी आहेत.

मराठीत ‘मोटार’ म्हटले की प्रथम चार चाके डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे हा आकडा ऐकून शेजारच्या वहिनींनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर वर्णन करण्यासारखी नाही. या मोटारी विजेवर फिरणाऱ्या, मुठीएवढ्या ते नारळाएवढ्या. पुण्याला अभियांत्रिकी शिकत असताना आमच्या पुतण्याने व त्याच्या मित्रांनी यंत्रमानव बनवले, त्यांचे हे अवशेष.

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ‘रोबोकॉन’ नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ साली ती पुण्यात भरली, तेव्हा यजमानांनी विषय दिला होता तो दहीहंडीचा, ‘गोविंदा’! २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली, तेव्हा थोरल्या यंत्रमानवाने धाकट्याला बागेत नेऊन झोपाळा, सीसॉ खेळवायचे होते. दरवर्षी विषय नवा. म्हणून गेल्या वर्षीचा यंत्रमानव यंदा निरुपयोगी. स्पर्धा संपली की सांगाडा मोडायचा, आणि मोटारी पुढच्यासाठी काढून ठेवायच्या. पुढे नव्या मोटारी येतात आणि जुन्या उरतात. मुले पदवी घेऊन पांगली, तेव्हा अशा उरलेल्या मोटारी त्यांनी वाटून घेतल्या. आमच्या पुतण्याचा वाटा त्याच्याबरोबर अमेरिकेस जाण्याऐवजी आमच्या माळ्यावर आला.

मध्यंतरी माळ्याची डागडुजी काढावी लागली आणि पेटी खाली उतरली. भंगारवाल्याने ती पाहताच तराजू सरसावला. त्याच्या लेखी त्यात तांबे आणि लोखंड असे दोनच पदार्थ होते. आम्ही पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, “काका, द्या हवे तर. पण त्यातल्या पुष्कळशा अजून जिवंत असतील.” ‘जिवंत’ हा शब्द त्याने सहज वापरला, पण तराजू परत पाठवायला तो पुरेसा झाला.

आता प्रश्न उरला उपयोगाचा. येथे आमच्या शहराचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यात झिरपलेले पाणी भूमिगत बोगद्यांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. कुठेही मोट नाही, पंप नाही. तिथे गरज आधी ठरली, मग उतार मोजला, मग कुंड्या खणल्या. आमची स्थिती नेमकी उलटी होती. साधन हाती, आणि गरज शोधायची!

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव, तेव्हा पहिला विचार मागाचाच आला. एका वाइंडिंगच्या दुकानात नमुना घेऊन गेलो. तिथल्या वयोवृद्ध उस्तादांनी मोटार हातात तोलली, दांडा फिरवून कानाशी नेला आणि म्हणाले, “साहब, यह बैटरीवाली है। इससे लूम नहीं चलेगा।” मागाची मोटार थ्री फेजवर चालते, तिला तासन्‌तास एका लयीत राबावे लागते. आमच्या मोटारी बारा आणि चोवीस व्होल्टच्या. त्यांच्या पोटात दोन कार्बन असतात, ते कॉम्युटेटरवर घासत राहतात आणि झिजतात. तीन मिनिटांच्या सामन्यासाठी निवडलेला गडी दिवसभराच्या पाळीवर कसा टिकणार? एका विणकराच्या घरी कांडी भरण्यासाठी एक जोडून पाहिली. सूत छान भरले, पण तासाभरात मोटारीला हात लावेना. त्या घरच्या बाईंनी तिला आदराने बाजूला ठेवले आणि आपली जुनी मोटार सुरू केली.

उस्तादांनी मात्र आम्हांला एक परीक्षा शिकवली, ती वाचकांनाही उपयोगी पडेल. मोटारीच्या दोन्ही तारा सुट्या ठेवून दांडा बोटांनी फिरवावा. तो सहज फिरतो. मग त्याच तारा एकमेकींना जोडून फिरवावा. दांडा जड झाला, जणू आत कोणी धरून ठेवला आहे असे वाटले, तर लोहचुंबक आणि गुंडाळी दोन्ही शाबूत आहेत असे समजावे. कारण अशी मोटार फिरवली की ती स्वतःच वीज निर्माण करते, आणि तारा जोडल्या की तीच वीज दांड्याला अडवते. या कसोटीला सत्तावीसपैकी एकोणीस उतरल्या. दोन-तीन गिअरच्या खोक्यात बंदिस्त असल्याने त्यांचा दांडा बोटांना हलेचना. त्या बॅटरीला लावून पाहिल्या, त्याही चालल्या.

मग त्यांच्या जाती लावल्या. काही मोटारगाड्यांच्या काच पुसणाऱ्या, म्हणजे वायपरच्या. या संथ पण बळकट असतात. काही डब्यासारखे गिअर बसवलेल्या, मध्यम चालीच्या. उरलेल्या उघड्या दांड्याच्या, मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या, पण बोटाने धरले तरी दबणाऱ्या. वेग आणि जोर ही दोन वेगळी माणसे आहेत. गिअर वेग कमी करून जोर वाढवतो, पण त्याला दोन्ही फुकट देता येत नाहीत. उपयोग सापडत नव्हता, कारण आम्ही ‘मोटार’ या एका नावाने तिघींना हाक मारत होतो.

वायपरच्या मोटारींना गणेशोत्सवाने उचलले. हलत्या देखाव्यांत त्यांना जुनी मागणी आहे. दांड्याला एक भुजा लावली की गोल फिरणे वर-खाली होण्यात बदलते, आणि वारकऱ्याचा हात टाळ वाजवू लागतो. गोकुळाष्टमीला तीच मोटार पाळण्याला लावावी, असे एका उत्साही तरुणाने सुचवले. ‘गोविंदा’च्या वर्षीच्या मोटारीने बाळकृष्णाला झोके द्यावेत, ही कल्पना आम्हांलाही गोड वाटली. परंतु आमच्या काकूंनी पाळण्याची दोरी सोडली नाही. “जन्माच्या वेळी दोरी हातातच हवी रे,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्हांला ते पटले. जिथे हात हवा तिथे यंत्र बसवणे याला उपयोग म्हणता येत नाही.

वेगवान मोटारी एका शाळेत गेल्या, आणि आमच्या मते सर्वांत चांगले घर त्यांनाच मिळाले. आमच्या मध्य प्रदेशाला या कामाची परंपरा आहे. १९७२ साली होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातल्या सोळा शाळांतून हातांनी प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो वाढवला. २००२ साली शासनाने तो बंद केला, पण त्याच मुशीतून पुढे आलेल्या अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकात बसून टाकाऊ वस्तूंची खेळणी घरोघर पोहोचवली. आमच्या शाळेतल्या मुलांनी मोटारीच्या दांड्याला दोरी गुंडाळून ओढली आणि जोडलेला छोटा दिवा लागला. वर्गात ओरडा झाला. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्रामच्या विद्युतजनित्राला दुसऱ्या जनित्राची वीज जोडली गेली आणि ते मोटारीसारखे फिरू लागले, ही हकीकत गुरुजींनी मग सांगितली. आधी दिवा, मग इतिहास, हा क्रम आम्हांला फार आवडला. ज्या मोटारी परीक्षेत नापास झाल्या होत्या त्याही मुलांनी नेल्या. त्या उघडायला मिळाल्या, म्हणून त्यांचे मोल चालणाऱ्यांहून अधिक ठरले.

पुतण्याची कन्या आता तिकडे शाळेच्या यंत्रमानव संघात आहे. तिथल्या ‘फर्स्ट’ या स्पर्धांतून २०१९ च्या हंगामापासून कार्बनविरहित मोटारींचा प्रसार झाला, आणि वर्षानुवर्षे मैदान गाजवलेल्या मिनिटाला पाच हजारांवर फेऱ्यांच्या ‘सिम’ मोटारी फडताळांत जाऊन बसल्या. त्यांत दोष काही नाही. केवळ त्यांच्याहून हलक्या व जोरकस मोटारी आल्या. तिने विचारले, “आजोबा, तुम्ही तुमच्या मोटारींचे काय केले?” म्हणून आम्ही एक वही घातली. कोणती मोटार, कुठे गेली, काय करते. नोंदी मराठीत आहेत. ती वाचायला तिला बापाची मदत घ्यावी लागेल, आणि बापाला आमची.

परवा एका बाईंनी मोडी रुमाल पाहून विचारले, “हे कोणी वाचतात का हो आता?” आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. मोटारी बाहेरच्या हातांत गेल्या म्हणून त्यांची जात कळली, कस कळला. कागदांनाही तशी मोडी जाणणारी माणसे शोधायला हवीत, असे त्या दिवसापासून मनात आहे.

पेटीत अजून पाच मोटारी आहेत, गिअर लावलेल्या, मध्यम चालीच्या. वाचकांपैकी कोणाला संथ आणि सारखे फिरणारे काही करावयाचे असेल, तर त्यांनी अवश्य यावे आणि एक घेऊन जावी. मोल नाही; वहीत नोंद मात्र करून द्यावी लागेल.