कोणत्या शब्दासाठी, कोणत्या तारखेला

संदर्भ साठवायच्या झोटेरो या सॉफ्टवेअरच्या यादीत शोधनिबंध आणि पेटंट शेजारी शेजारी बसतात आणि दिसायला सारखेच असतात. वाचायची रीत मात्र पूर्ण वेगळी. निबंध वाचताना लेखकाला काय सापडलं हे आपण पाहतो. पेटंट शोधणाऱ्या माणसाला दुसरंच काही विचारायचं असतं. ज्या क्लेमची, म्हणजे पेटंटात मागितलेल्या हक्काच्या वाक्याची, छाननी चालली आहे, त्यातल्या नेमक्या कोणत्या शब्दाला हा कागद लागू पडतो? आणि क्लेमच्या तारखेआधी तो जगापुढे आला होता का? टिपेत ही दोन उत्तरं नसतील तर पान कितीही रंगवलेलं असो, सुनावणीच्या वेळी ते पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.

या कामासाठी महागडी, खास पेटंटसाठी बांधलेली सॉफ्टवेअर्स आहेत आणि मोठ्या कंपन्या ती वापरतात. मी रोजच्या वाचनासाठी झोटेरोवर राहिले. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या केंद्रात ते तयार झालं आणि २००६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. इतिहासकारांच्या गरजेतून आलेलं हे साधन पेटंटच्या कामाला इतकं मानवतं याचं मला नवल वाटत नाही. कागद कुठून आला, कधीचा आहे, त्याच्या आधी कोणता होता, हे विचारल्याशिवाय दोघांचंही पाऊल पुढे पडत नाही. २०२२ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफ त्यातच उघडून रंगवता येते, टीप लिहिता येते, आणि त्या टिपेवर टिचकी मारली की मूळ पानावरची तीच ओळ समोर येते. माझ्यासाठी सगळ्यात मोलाची सोय हीच.

नव्या मुलामुलींना काम शिकवताना मी हळदीचं पेटंट देते. अमेरिकेचं ५,४०१,५०४ क्रमांकाचं, डिसेंबर १९९३ मध्ये अर्ज केलेलं आणि मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेचे महासंचालक असताना संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते रद्द ठरवलं, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. म्हणूनच ते सरावाला चांगलं. गोष्ट माहीत असते, पण क्लेम कोणी वाचलेला नसतो.

पहिला क्लेम एका वाक्याचा आहे. त्याचा आशय असा, की रुग्णाची जखम भरून येण्यासाठी त्याला परिणामकारक मात्रेत निव्वळ हळदपूड देण्याची पद्धत. मी या वाक्याचे तुकडे पाडायला सांगते. जखम, ती भरून येणं, रुग्णाला देणं, निव्वळ हळदपूड, परिणामकारक मात्रा. प्रत्येक तुकड्याला झोटेरोतला एक रंग ठरवायचा आणि मग संदर्भ उघडायचा. पिवळ्या रंगाने ‘महत्त्वाचं’ अधोरेखित करायची सवय कॉलेजातून आलेली असते. ती इथे मोडावी लागते. रंग म्हणजे महत्त्व नव्हे, रंग म्हणजे क्लेमचा तुकडा.

मग वाद सुरू होतो आणि मला तो फार आवडतो. कोणीतरी म्हणतं, आमच्याकडे मुका मार लागला की आजी हळद-चुन्याचा लेप लावते, हे पुरेसं नाही का? नाही. मुक्या मारात कातडी फाटलेली नसते, म्हणजे ‘जखम’ या तुकड्याला रंग मिळत नाही. लेपात चुना आहे, म्हणजे ‘निव्वळ’ला मिळत नाही. शिवाय आजीचं ज्ञान छापलेलं नाही. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर किंवा माहिती गणली जात नव्हती; परदेशातलं पेटंट किंवा छापील प्रकाशन लागत असे. दिलेल्या पेटंटला असं आव्हान मिळाल्यावर होणारी फेरतपासणीही अशाच लेखी पुराव्यावर चालते. म्हणूनच सीएसआयआरला ३२ संदर्भ गोळा करावे लागले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला लेखही होता. सगळ्या भारताला ठाऊक असलेली गोष्ट ओळीनिशी, सालानिशी दाखवावी लागली. हे काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि मुलांना तो वाटावा अशी माझी इच्छा असते.

याच पेटंटात तारखेचा आणखी एक धडा आहे. क्लेम रद्द झाल्याची नोंद करणारं फेरतपासणीचं प्रमाणपत्र १९९८ मध्ये निघालं आणि त्याच्या क्रमांकाला बी-१ हा कोड आहे. आज अमेरिकेच्या पेटंटवर बी-१ दिसलं तर त्याचा अर्थ, अर्ज आधी प्रसिद्ध न होता थेट मंजूर झालेलं पेटंट. जानेवारी २००१ मध्ये तिथली पद्धत बदलली आणि फेरतपासणीला सी हे अक्षर मिळालं. म्हणजे एकच कोड, साल पुढेमागे झालं की एकीकडे मंजुरी सांगतो आणि दुसरीकडे फेरतपासणीचा निकाल. युरोपात बी-१ म्हणजे मंजूर पेटंट आणि बी-२ म्हणजे विरोधाच्या सुनावणीनंतर बदललेलं. त्यामुळे मी कोड क्रमांकाला चिकटवूनच ठेवते आणि ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात त्याचा अर्थ शब्दांत लिहिते. एस्पासनेट किंवा गुगल पेटंट्स या पेटंट शोधायच्या संकेतस्थळांवरून एका क्लिकमध्ये झोटेरोत नोंद येते, पण ती पहिल्या पानाशी ताडून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. पहिल्या पानावर प्रत्येक माहितीच्या आधी कंसात आकडा असतो: २२ म्हणजे अर्जाची तारीख, ३० म्हणजे प्रायॉरिटी (ज्या आधीच्या अर्जाची तारीख धरायची तो), ७२ म्हणजे शोधक. भाषा चिनी असो की कोरियन, आकडे तेच. लिपी वाचता येत नसलेल्या कागदावरही तारीख सापडते ती या आकड्यांमुळे.

जपानी कागदांना वेगळीच काळजी लागते. १९९९ पर्यंतच्या प्रसिद्ध अर्जांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असे. हेइसेई ८ म्हणजे १९९६, शोवा ६० म्हणजे १९८५. हा हिशेब मी टिपेत एकदाच मांडते, म्हणजे वकिलाला पुन्हा करावा लागत नाही.

ओळीचा पत्ता सॉफ्टवेअरच्या पत्त्याहून निराळा असतो, हेही सांगायला हवं. झोटेरो पीडीएफचं पान दाखवतं. अमेरिकी पेटंट दोन स्तंभांत छापतात आणि मधल्या पट्टीत ओळींचे आकडे असतात; पेटंट कार्यालयातल्या एक्झामिनरला ‘स्तंभ ३, ओळ ४१’ असाच पत्ता लागतो. प्रसिद्ध झालेल्या अर्जात परिच्छेदांना क्रमांक असतात, तिथे तो द्यायचा. हा पत्ता मी हातानेच टिपेच्या सुरुवातीला लिहिते. १९७६ पूर्वीची अमेरिकी पेटंटं बहुधा स्कॅन केलेलीच मिळतात. त्यांतल्या ज्या फाइलींत नुसती चित्रं असतात तिथे मजकूर रंगवता येत नाही. अशा वेळी चौकट आखून तेवढा भाग उचलायचा आणि खाली टीप लिहायची. आकृत्यांसाठी तर मी हीच रीत मुद्दाम वापरते. यांत्रिक शोधात अर्धा पुरावा आकृतीत असतो.

माझ्या मते सगळ्यात कमी लिहिली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी टीप म्हणजे ‘नाही’ची टीप. तापमान दिलं आहे, दाब नाही. मिश्रण आहे, प्रमाण नाही. वर्णन क्लेमच्या अगदी जवळ जातं, पण उत्प्रेरक दुसरा आहे. रंगवायला ओळ नसते म्हणून अशी नोंद राहून जाते, आणि मग दुसरा कोणी तोच कागद मोठ्या आशेने उघडतो. मी अशा नोंदीला वेगळा टॅग लावते आणि काय शोधलं, कोणत्या भागात शोधलं, तेही लिहिते. यंत्राने केलेल्या भाषांतरावरून ‘नाही’ म्हटलं असेल तर तसं स्पष्ट लिहिते, कारण तिथे ‘नाही’चा भरवसा निम्मा असतो.

आणि काम हातावेगळं करताना पीडीएफ टिपांसकट बाहेर काढून ठेवते. झोटेरो टिपा आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतं, फाइलमध्ये नव्हे. नुसती फाइल उचलून दिली तर समोरच्याला कोरी पानं मिळतात. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षांची. मंजुरीआधीचा विरोध, मंजुरीनंतरचा विरोध, कोर्टातला दावा, यांपैकी काहीही या काळात उभं राहू शकतं आणि आज लिहिलेली टीप तेव्हा वाचणारा माणूस कदाचित अजून शाळेत असेल. त्याला मी कोण हे माहीत नसणार आणि विचारायला मी तिथे असेनच असं नाही. म्हणून टिपेत ‘वर पाहा’, ‘तोच मुद्दा’ असं मी लिहीत नाही. क्लेमचा क्रमांक, त्यातला तुकडा, स्तंभ, ओळ आणि तारीख दर वेळी पूर्ण लिहिते.