जुनी चित्रकार्डं चाळताना

आज दुपारभर जुनी चित्रकार्डं चाळत बसलो. त्यात मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस पुन्हा पुन्हा हाती येतं. 1888 साली पुरी झालेली ती इमारत विलायतेतल्या नातलगांना दाखवायची साहेबांना भारी हौस! 1902 पूर्वी विलायती कार्डाची पाठ फक्त पत्त्यासाठी असे, त्यामुळे खुशाली चित्राच्या कडेलाच कोंबायची. एका कार्डावर तर शाई थेट घुमटाच्या टोकाला भिडली आहे.

आमच्या बुऱ्हाणपूरची जामा मशीद कार्डावर शोभेल अशीच. पण तिचं खरं अप्रूप आत आहे: फारुकी सुलतानाने भिंतीवर अरबीसोबत चक्क संस्कृत शिलालेख कोरवून घेतला, शके 1511 चा. मिनारांच्या चित्रात तो कुठून दिसणार?

आणि आमच्याच जिल्ह्यातल्या खकनारचं कार्ड कोण छापणार? तहसील कचेरी, शाळा, दवाखाना. माणसं उंबरठे झिजवतात ते इथेच. मला तरी असल्या इमारती राजवाड्यापेक्षा मोलाच्या वाटतात. तुमच्या गावातली अशी एखादी पडायच्या आत तिचा फोटो काढा, छापून घ्या आणि मागे साल जरूर लिहा.