महाळुंग्याचा काळा कातळ आणि माशाचा दात

महाळुंगे हे नाव आज कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. चाकण-तळेगाव रस्त्याच्या आजूबाजूला पत्र्याच्या शेडी, कंटेनरच्या रांगा आणि पाळी सुटली की टपरीवर चहा पिणारी तरुण मंडळी. मराठवाडा-विदर्भातून आलेली कितीतरी कुटुंबे इथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. नव्या शेडीच्या पायासाठी पोकलेन लागतो, मुरूम संपतो आणि खाली खणखणीत काळा कातळ लागतो.

या कातळाच्या तुकड्यांत मुलांना कधीकधी पांढरा, टोकदार, चकाकणारा खडा सापडतो. हुबेहूब दात! कोणी म्हणते राक्षसाचा, कोणी म्हणते माशाचा, तर कोणी तो ताईतात घालायला सांगते. शार्क माशाचे दगड झालेले दात बाजारात विकले जातात हे ऐकून बाप विचारतो, "याचे काही पैसे येतील का?" वाचकहो, मुलाच्या हातातला तो खडा फेकण्याआधी किंवा पुजण्याआधी एकदा उन्हात धरून नीट पाहा.

खऱ्या दाताचे दोन भाग असतात. वरचे पाते गुळगुळीत व लकाकते. खालचे मूळ खरबरीत, निस्तेज आणि बहुधा दोन फाट्यांचे. पात्याची एक बाजू चपटी, दुसरी फुगीर. काहींच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. शिंपले फोडून खाणाऱ्या टायकोडस नावाच्या शार्कचे दात मात्र चपटे, चौकोनी, नुकताच टाकी लावलेल्या पाट्यासारखे! महाळुंग्याच्या खड्याला मूळ नसते. तो सर्वत्र सारखाच काचेसारखा, सपाट पैलूंचा असतो आणि कातळातल्या पोकळीच्या भिंतीवर उगवलेला असतो. ही आपली गारगोटी. शास्त्रज्ञ तिच्या बऱ्याच प्रकारांना झिओलाइट म्हणतात. ती काही टाकाऊ नव्हे. सिन्नरला तिचे संग्रहालय आहे आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत सापडलेला निळा कॅव्हनसाइट जगभर नावाजलेला आहे.

इथे शार्कचा दात का नाही? हा कातळ म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीवर थरांमागून थर पसरलेला लाव्हा. त्यात मासा कुठून येणार? त्याच्या आधीच्या काही कोटी वर्षांत युरोपात समुद्रतळाशी सूक्ष्म शेवाळांची कवचे साचून पांढरा खडू तयार होत होता. (शाळेतला खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो, तो वेगळा.) शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणून तो सहसा टिकत नाही, पण एकेक शार्क आयुष्यात हजारो दात गाळतो. ते त्या खडूत राहिले. युरोपातले लोक अशा दातांना सापाच्या दगड झालेल्या जिभा समजत आणि विषावर उतारा म्हणून गळ्यात बांधत! 1666 मध्ये फ्लॉरेन्सला स्टेनो या डॅनिश वैद्याकडे एका मोठ्या शार्कचे डोके तपासायला आले. जबड्यातले दात आणि त्या 'जिभा' सारख्याच, हे त्याने पाहिले आणि 1667 मध्ये छापून सांगितले.

समुद्राचे दात पाहायचे तर आपल्याला लेण्यांच्या वाटेने जाता येते. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील बाघ येथे बौद्ध लेणी आहेत. त्यांतील भित्तिचित्रे प्रसिद्ध आहेत, पण लेणी ज्या वालुकाश्मात खोदली तो खडक फारसे कोणी पाहत नाही. त्याच परिसरात वरच्या थरांत गाठाळ चुनखडी आहे, खडूची भाऊबंदच म्हणा. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्या थरांत शिंपले, सागरी साळू आणि शार्कचे दातही अभ्यासकांना मिळाले आहेत. सहल काढाल तेव्हा मुलांना लेण्यांबरोबर हा दगडही दाखवा. मात्र खोदू नका, उचलू नका. शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढला की आकार कळतो आणि दगड जागेवरच राहतो.