सफरचंदाची जखम

खैऱ्या रोग म्हटला म्हणजे आपल्याकडील बागायतदारांस लिंबाचे झाड आठवते. तो रोग जीवाणूंमुळे होतो. सफरचंदावरील युरोपीय कँकर मात्र बुरशीचा. निओनेक्ट्रिया डिटिसिमा हे त्या बुरशीचे शास्त्रीय नाव. इंग्लंड व उत्तर युरोपातील थंड, पावसाळी मुलखांत ती सफरचंदास ग्रासते आणि नासपतीसही सोडीत नाही.

या रोगाची माहिती वाचताना एका गोष्टीने आम्हांस विचारात पाडले. या बुरशीला आत शिरण्यास जखम लागते. छाटणीचा घाव तिला चालतो, हे समजण्याजोगे आहे. परंतु शरद ऋतूत पान आपण होऊन गळते, तेव्हा देठाच्या जागी राहणारी इवलीशी खूणही तिला पुरते. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर बीजाणू तेथे पोहोचतात. यात झाडाचा अपराध कोणता? पानगळ हा तर त्याचा ऋतुधर्म! दुखणाईतांच्या घरी आमचे जाणे-येणे असते. 'काही तरी पथ्य मोडले असेल' हे शेजाऱ्यांचे बोलणे तेथे वारंवार कानी येते. अशा वेळी हे झाड आम्हांस आठवते.

पुढे साल खोलगट होऊन तिच्यावर वलये उमटतात. फांदीभोवती वेढा पूर्ण झाला की वरचा भाग वाळतो. हिवाळ्यात त्या जागी बारीक लाल ठिपके दिसतात. नव्या बीजाणूंची ती कोठारेच होत. रोपवाटिकेतील रोपात रोग सुप्त राहून लागवडीनंतर काही वर्षांनीही प्रकट होतो. म्हणून माळी कोरड्या हवेत छाटणी करतो, निरोगी लाकूड लागेपर्यंत कापतो आणि कापलेले जाळून टाकतो. मुख्य खोडालाच वेढा पडला, तर वाढवलेले झाड स्वतःच्या हाताने काढावे लागते.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर स्प्रेटन येथे हा रोग १९५४ साली आढळला. झाडे तपासणे, कापणे, पुन्हा तपासणे हा क्रम चालू राहिला आणि १९९१ साली रोगाचे निर्मूलन झाल्याचे ठरले. मध्ये ३७ वर्षे गेली! आरंभी तपासणीस निघालेल्यांपैकी कित्येकांनी तो शेवटचा निर्वाळा ऐकलाही नसेल. तरी त्यांनी दर वर्षी बागा पालथ्या घातल्या, म्हणूनच पुढच्यांस तो देता आला.